काच आतून ओली

मागच्या डिसेंबरात पोरीनं माझ्याकडून गाडीची चाबी काढून घेतली. तिचं काही चुकलं नाही. सकाळी साडेसहाला मी गाडी काढली तेव्हा समोरची काच पांढरीफटक होती. बाहेर धुकं नव्हतं, सगळं आतल्या बाजूनं. मी तळहातानं पोळीएवढा गोल पुसला अन् तेवढ्यातून बघत निघालो. गल्लीच्या कोपऱ्यावर दूधवाल्याच्या मोटारसायकलला बंपर लागला. माणूस वाचला. एक कॅन आडवी झाली अन् सगळं दूध नालीत गेलं.

"काबे बुढ्या, आंधळा आहे का?" तो ओरडला.

"मी नाही गा. काच आंधळी होऊन राहिली."

"मंग काच घेऊन घरी बस ना!"

एवढ्यात पोर तोंडात ब्रश घेऊनच धावत आली. थुंकून तिनं दूधवाल्याला हात जोडले, त्याला कसंबसं शांत केलं अन् माझ्याकडे वळली.

"बाबा, चाबी."

"काहून?"

"द्या म्हटलं ना."

मी दिली. ती गाडीत चढली, काचेवर बोट ओढलं. पाणी तिच्या मनगटापर्यंत आलं. मग तिनं काचेखालचं रबर दाबून पाहिलं, तिथंही पाणी. माझी उशी हातात घेऊन हुंगली.

"तुम्ही याच्यात झोपून राहिले? म्हणूनच खोकता." ती खाली उतरली. "आठ दिवस देतो तुमाले. रोज सकाळी मी येऊन पाहीन. काच कोरडी झाली तर चाबी तुमची. नाही झाली, तर तो तर्री-पोहेवाला मागून राहिला गाडी, त्याले देऊन टाकू. अन् तुम्ही आत खोलीत झोपा, माणसासारखे."

तर्री-पोहेवाला दोनदा येऊन गाडी पाहून गेला होता. एका बाजूचा पत्रा कापून काउंटर काढता येईल, असं तो जावयाला समजावत होता. मी तिथंच उभा होतो, मला त्यानं विचारलंही नाही.

ही गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. त्यातल्या सीटा काढून मी अन् माझ्या बायकोनं तिचं घर केलं. झोपायला दोन फळ्या, मधून चालायला जागा, मागं ओटा, ओट्याखाली पाण्याची टाकी. मी काम सोडल्यावर आम्हाला फिरायचं होतं. लॉजमध्ये राहायला तिला आवडत नसे, तिथली चादर कोणी वापरली असंल म्हणे. म्हणून घरच घेऊन जायचं ठरलं. फार लांब कधी गेलो नाही. रामटेक, पवनी, एकदा चिखलदरा. पण हिवाळ्यात जवळजवळ दर शनिवारी मौद्याला, कन्हानच्या काठी. तिचं माहेर तिकडचं. दोन रात्री राहायचं अन् सोमवारी परत. ती मे महिन्यात गेली. आठ दिवस दवाखान्यात होती, मग गेली. डिसेंबरातल्या त्या सकाळी मी पहिल्यांदा एकटा मौद्याला निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत पोचलो.

चाबी गेली याचा मला राग नव्हता. पण एक गोष्ट डोक्यात बसत नव्हती. पाच हिवाळे आम्ही दोघं त्या गाडीत झोपलो. दोन माणसांचा श्वास. काच कधी ओली झाली नाही. आता माणूस एक, अन् काचेवरून पाणी गळते. हे उलटं कसं?

मी ट्रकच्या बॉडीचं काम करणारा माणूस. लकडगंजातल्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, शाळा चौथीतच सुटली. बंद बॉडीत डाळ जायची, साखर जायची, मिरची जायची. एक पोतं भिजलं तर मालक आईवरून शिव्या घाले. बॉडी तयार झाली की आम्ही पाण्याची परीक्षा घ्यायचो. मिस्त्री आत बसणार, दार बाहेरून बंद, अन् वरून दोघं जण पाइपानं पाणी सोडणार. आत अंधारात टॉर्च लावून एकेक सांधा पाहायचा. थेंब दिसला की खडूनं फुली. माझ्या बॉडीत फुली निघत नसे. मला पाहून शेजारच्या कारखान्यातले म्हणायचे, हा माणूस वाराही आत येऊ देत नाही. मला ते ऐकायला बरं वाटे.

आमच्या गाडीचीही मी तशीच परीक्षा घेतली. पोरीनं वरून पाइप धरला, आत मी अन् बायको. बाहेर नुसता धडधडाट. मी टॉर्च फिरवत होतो, ती गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

"आला का थेंब?" तिनं विचारलं.

"येते कसा."

"बाहेरचा येत नाही ते समजलं. आतला जाईन कुठून?"

"आतला कोणता वं थेंब?"

"अवो, माणसं राहणार हाय याच्यात. कोठी करून ठेवली तुम्ही. आता दाणे भरा अन् वरून शेणानं लिंपा."

बसच्या सगळ्या खिडक्या मी आतून थर्माकोल अन् प्लाय लावून बंद केल्या होत्या. ती एका खिडकीसाठी अडून बसली. तिच्या फळीच्या डोक्याशी असलेली, सरकत्या काचेची. "एवढी एक माह्यासाठी ठेवा. नाही तर तुम्हीच जा एकटे." मी ठेवली. पण झोपायच्या आधी मी उठून ती बंद करायचो, खिटी लावून. ती म्हणे, चार बोटं राहू द्या. मी म्हणे, थंडी येते, छाती भरते. दर शनिवारी हेच भांडण. ती भांडण लवकर सोडून द्यायची. मला वाटे, मी जिंकलो.

ती गेल्यापासून मी रोज रात्री गाडीतच झोपत होतो, अन् त्या खिडकीवर मी प्लाय ठोकला. आमच्या रिकाम्या प्लॉटवर जिथं गाडी उभी असते, तिथं रस्त्याच्या दिव्याचा खांब आहे. त्याचा उजेड त्याच खिडकीतून आत येतो अन् बरोबर तिच्या फळीवर पडतो. मी माझ्या फळीवर आडवा झालो की समोर ती रिकामी फळी उजेडात. पंधरा दिवस सहन केलं. मग आठ खिळे मारले. पोरीनं विचारलं, काहून बंद केली? मी सांगितलं, डास येतात.

आता आठ दिवसांची गोष्ट.

चाबी गेली त्याच दिवशी माझा एक जुना ड्रायव्हर दोस्त आला. आयुष्यभर ट्रक चालवला, आता दात नाहीत पण बोलणं तेच.

"बिडीची तंबाखू ओली कर अन् घास काचेवर. आम्ही पावसात तेच करत होतो."

"ते बाहेरून ना बे. हे आतून हाय."

"मंग आतून घास. काचेले का समजते आत का अन् बाहेर का?"

घासली. पहिल्या सकाळी काच ओली होतीच, वरून पिवळे ओघळ. पोर ऑफिसला जायच्या आधी आली. तिनं एक रीत काढली होती. वर्तमानपत्राचा तुकडा काचेला लावायचा अन् हात सोडायचा. चिकटला तर काच ओली, खाली पडला तर कोरडी. कागद चिकटला. तिनं नाकाला पदर लावला.

"बिडी पेटवून राहिले का आता आत?"

दुसऱ्या सकाळसाठी कापलेला बटाटा. तोही दोस्ताचाच सल्ला. काच आधी चकचकीत झाली, सकाळी त्यावर पाण्याचे मोठेमोठे थेंब अन् बटाट्याचा पांढरा थर. कागद चिकटला. तिसऱ्या सकाळसाठी मी माझी अक्कल लावली. थर्माकोलची शीट काचेच्या मापानं कापून आतून घट्ट बसवली. सकाळी शीट काढली तर मागं नदी. काच आणखी थंड झाली अन् सगळं पाणी तिथंच जमलं. चौथ्या सकाळसाठी जाड्या मिठाच्या दोन थैल्या डॅशबोर्डवर ठेवल्या अन् झोपायच्या आधी अर्धा तास गॅस पेटवून गाडी गरम केली. मिठाला पाझर फुटला, थैल्यांखालचा फोम भिजला, अन् काच इतकी वाईट कधीच झाली नव्हती. का ते मला नंतर समजलं. गॅसच्या ज्योतीतूनही पाणीच निघते, वाफ होऊन. ओल घालवायला मी ओलच पेटवत होतो.

"कागद तर उतरूनच नाही राहिला, बाबा," पोर म्हणाली. तिनं तो नखानं खरवडून काढला. "आजच त्या तर्रीवाल्याचा फोन आला होता."

"चार दिवस बाकी हाय."

"हाय ना. मी कुठं नाही म्हटलं."

ती जायला निघाली, पण दारात थांबली. गाडीत सगळीकडे नजर फिरवली. माझा ओला टॉवेल दोरीवर, ओट्यावर चहाचं भांडं, काल सकाळी धुतलेली बनियन स्टेअरिंगवर वाळत टाकलेली. मग ठोकलेल्या प्लायकडे पाहत राहिली.

"आई असताना असं कधी नव्हतं होत."

"तेच तर. दोघं होतो तरी नव्हतं होत. म्हणूनच तर समजून नाही राहिलं."

"होईन कसं? आई खिडकी उघडून झोपे ना."

"नाही. मी रोज बंद करत होतो. स्वतःच्या हातानं."

पोर हसली. तिची आई गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"तुम्ही बंद करत होते, अन् तुम्ही घोरायले लागले की आई उघडे. मले सांगितलं होतं तिनं. म्हणे, तुह्या बापाच्या कोठीत माहा जीव घुसमटते, पण त्याले सांगितलं तर खिळेच ठोकीन. म्हणून पहाटे उठून बंद करून टाके, चहा ठेवायच्या आधी."

"पाच वर्षं?"

"मले का माहीत किती वर्षं. तुम्हीच विचारलं नसंन कधी."

ती ऑफिसला गेली. मी तिथंच ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिलो. मला आधी रागच आला, खरं सांगतो. मेलेल्या माणसाचा राग. पाच वर्षं माझ्या नाकाखाली. मग वाटलं, पोर खोटं बोलत असंल, मला हसवायला. खरं-खोटं पाहायला एकच जागा होती, अन् तिच्यावर मीच आठ खिळे मारलेले.

त्या दिवशी मी ते काढले नाहीत. दिवसभर टाळलं. सीताबर्डीच्या बाजारात जाऊन आलो, काम नसताना. एका दुकानात काच पुसायचा फडका पाहिला अन् घेतला नाही. गर्दीत तासभर फिरलो, मेट्रोच्या खाली बाकावर बसलो. पोरीनं दिलेली खोली वाईट नाही. तिथं पंखा आहे, गरम पाणी आहे, जावई दार वाजवून आत येतो. पण त्या खोलीत माझ्या हातचं काहीच नाही, अन् बायकोचा तर पायही कधी पडला नव्हता. घर त्यांनी ती गेल्यावर वाढवलं. गाडी गेली की तिच्यासोबत राहिलेली शेवटची जागा जाणार, अन् तिथं कोणी लाल तर्री ढवळणार. खिडकी उघडली तर गाडी राहील, कदाचित. पण ती फळी रोज उजेडात दिसणार.

पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर जंबूर घेऊन बसलो. खिळे मी मारलेले, सहज निघणारे नव्हते. प्लाय निघाल्यावर खिडकीच्या खालच्या खाचेत बोट फिरवलं. बोटाला मेण लागलं. पांढरं, मेणबत्तीचं. खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत घासलेली होती. काच सरकताना आवाज येऊ नये म्हणून.

कोपऱ्यात एक लाकडाचा तुकडाही होता. सागवानाचा, माझ्याच कामातला उरलेला. विळीवर चिरलेला, कडा वेड्यावाकड्या. मी खाचेत ठेवून पाहिला. काच बरोबर चार बोटं उघडी राहिली अन् वाऱ्यानं मागं सरकेना. मापात काम होतं. मी चाळीस वर्षं लोकांना शिकवलं, तिला कधी काही शिकवलं नव्हतं.

त्या दुपारी मी काय केलं ते लिहीत नाही. संध्याकाळी पोर आली, तिनं माझे डोळे पाहिले. डबा ठेवून गेली.

खिडकीची खिटी पडल्या पडल्या फक्त तिच्या फळीवरूनच हाताला लागते. माझ्या फळीवरून उठून, वाकून लावता येते, पण झोपल्या झोपल्या नाही. म्हणून मी माझी उशी तिकडे नेली. सात महिन्यांत त्या फळीवर मी बसलोही नव्हतो. उंचीला बायको माझ्यापेक्षा कमी होती, फळी तिच्याच मापाची केलेली. माझे पाय बाहेर राहिले.

सहाव्या सकाळी काच अर्धी सुधारली. वरचा भाग मोकळा, खालची पट्टी दमट. कागद वर लावला तर पडला, खाली लावला तर क्षणभर थांबून मग पडला.

"अर्धे मार्क," पोर म्हणाली.

"नापास तर नाही ना."

"पास बी नाही."

हवा बाहेर जायला वाट झाली होती, पण आत यायला वाट नव्हती. ते मी शोधून काढलं. पुढं, ड्रायव्हरच्या पायाशी, लाकडी तळात गिरमिटानं चार भोकं पाडली अन् उंदीर येऊ नये म्हणून जाळी ठोकली. स्वतःच्या बॉडीला मुद्दाम भोक पाडायचं म्हणजे मला शिवी दिल्यासारखं वाटलं. भुसा पडला, खालून गार हवा बोटाला लागली. मग काच साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली. फोडणीचा धूर, उदबत्ती, तंबाखू, बटाटा, सगळ्याचा तेलकट थर होता, त्यावर ओल लवकर धरते. चहा गाडीच्या बाहेर, दगडावर. टॉवेल बाहेर. बनियन बाहेर. रबराखालचं पाणी कापडानं टिपून काढलं अन् दुपारी सगळी दारं उघडून ऊन आत घेतलं.

सातव्या सकाळी कागद पडला. वर, खाली, दोन्हीकडे.

आठव्या सकाळी पोर आली ती जावयाला घेऊन. त्यानंच कागद लावला. माझ्याकडे पाहत हळूच बोट काढलं, जसं काही मी फुंकर मारीन. कागद हलत हलत सीटवर पडला.

"बाबा, खरंच कोरडी हाय," तो म्हणाला. "हेअर ड्रायर तर नाही ना मारला पहाटे?"

"केसच नाही मले, ड्रायर कुठचा."

पोर काचेकडे पाहतच नव्हती. ती तिच्या आईच्या फळीपाशी उभी होती. माझी उशी, माझी कानटोपी, माझा चष्मा तिथं ठेवलेला.

"तुम्ही इकडं झोपता?"

"खिटी इकडूनच लागते."

ती खाली बसली. हातानं चादरीची सुरकुती सारखी केली. मग पर्समधून चाबी काढून माझ्या हातात दिली नाही, फळीवरच ठेवली.

"मौद्याले पोचले की फोन करा. अन् त्या कोपऱ्यावर हळू घ्या. दूधवाला म्हणे, तुमची गाडी दिसली की मी बाजूच्या गल्लीत घुसतो."

मी त्याच शनिवारी निघालो. काच स्वच्छ होती. कोपरा दिसला, दूधवाला दिसला, त्यानं खरंच मोटारसायकल बाजूला घेतली अन् हात वर केला. भंडारा रोडला लागल्यावर सगळा रस्ता दिसत होता. दूरवर मौद्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या की ती म्हणायची, आलं माहं माहेर. या वेळी कोणी म्हणालं नाही. मी रेडिओ लावला अन् बंद केला.

कन्हानच्या काठी तीच जागा मोकळी होती. गाडी लावली, पोरीला फोन केला. दगड मांडून बाहेर चहा केला अन् उभ्यानंच प्यालो. मग आत आलो. तिथं रस्त्याचा खांब नाही, तरी समोरची माझी रिकामी फळी नीट दिसत होती. तिच्यावर मी पिशव्या ठेवल्या, काढल्या, परत ठेवल्या.

सकाळी जाग आली ती गार वाऱ्यानं. चार बोटांतून तो सरळ कपाळावर येत होता. ती पाच हिवाळे असा वारा अंगावर घेऊन झोपली, वारा अन् माझी छाती यांच्या मधे. काच कोरडी होती, पलीकडे नदी, एक माणूस म्हशी धूत होता. मला फार थंडी वाजत होती. खिडकी बंद करावीशी वाटली, हात खिटीपर्यंत गेला. आधी मी बंद करायचो तेव्हा ती म्हणायची, चार बोटं राहू द्या. मी थोडा वेळ थांबलो. कोणी काही म्हणालं नाही. मी हात काढून घेतला, कानटोपी खाली ओढली अन् तसाच पडून राहिलो.